दहा फुटांवरची जाळी आणि अक्कांची नात

अर्धापुरात बातमी पसरायला दोनच गोष्टी लागतात: कमरेएवढी भिंत आणि अर्धवट माहिती. पहिली आमच्या आणि अक्कांच्या घरामध्ये आहे. दुसरी बसस्टँडवर फुकट मिळते.

परवा मी परसात तुळशीला पाणी घालत होते, तर भिंतीवर आधी सूप आलं आणि सुपामागून अक्का आल्या. सुपात तुरीची डाळ होती. डाळ निवडायची असली की अक्का ओसरीवर बसतात. बातमी निवडायची असली की सूप घेऊन भिंतीशी येतात, हे मला आता पाठ झालंय.

“ऐकलाव का बाई?”

“काय हो अक्का?”

“आमची नात अमेरिकेला चालली म्हणं.”

“म्हणं काय? तुमचीच नात ना?”

“हाव. पण मला बी बसस्टँडवरनंच कळालं.”

अक्कांची नात नांदेडला कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. उंची पाच फूट दहा इंच. गल्लीत कुणाला माळ्यावरचा डबा काढायचा झाला तर स्टूल शोधण्याआधी तिला शोधतात. शाळेत असताना मीच तिला खो-खोतून उचलून बास्केटबॉलमध्ये टाकलं, कारण ती पाटीत बसली की तिचे गुडघे शेजारणीच्या पाटीत जायचे. पुढे ती स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या संघात आली, पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेला जाऊन आली, आणि येताना डोक्यात एक खूळ घेऊन आली की हा खेळ आपण परदेशात, पगार घेऊन खेळायचा. एवढ्या भांडवलावर बाकीचं गावानं रचलं.

“एक म्हणायलाय, करोड रुपये मिळणार,” अक्का बोटांवर मोजत सांगू लागल्या. “दुसरा म्हणायलाय, तिकडं माणूस ताणून उंच करायची मशीन हाय. तिसरा म्हणायलाय, आता जावई गोराच येणार.”

“तिसऱ्याचं नाव सांगा. त्याला मी शाळेत नक्की उठाबशा काढायला लावल्या असतील.”

“ते ऱ्हाऊ द्या. तुम्ही जलमभर शिट्टी वाजवलाव, तुम्हाला ठाऊक असंल. करोड मिळत्यात का?”

“मिळतात की. पण खेळाडूंत फार थोड्यांना. तुमच्या बसस्टँडवाल्यानं ऐकलंय ते बहुतेक मालकाचं. अमेरिकेत एनबीए म्हणून पुरुषांची लीग आहे. त्यात सॅक्रामेंटो किंग्ज नावाचा संघ आहे. २०१३पासून त्याचे मुख्य मालक कोण, तर विवेक रणदिवे.”

डाळीतला हात थांबला. “रणदिवे? म्हंजे आपलेच की! कोणत्या गावचे?”

“मुंबईचे. जुहूला वाढले.”

“मुंबईचं कुणीबी नसतंय बाई. मूळ गाव विचारायलेय मी.”

मूळ गावाशिवाय अक्कांच्या लेखी माणूस पुरा होत नाही. मी तो विषय तसाच ठेवला आणि पुढचं सांगितलं. हे रणदिवे सोळाव्या वर्षी अमेरिकेत एमआयटीला शिकायला निघाले. त्या काळी डॉलर मिळवायला रिझर्व्ह बँकेची परवानगी लागायची. ते स्वतःच सांगतात की परवानगी मिळेपर्यंत गव्हर्नरांच्या कार्यालयाबाहेर त्यांनी ठाण मांडलं. पुढे सॉफ्टवेअरमध्ये पैसा केला. एनबीएच्या संघाचा मुख्य मालक झालेला भारतात जन्मलेला हा पहिला माणूस.

“अन् अक्का, मला आवडते ती त्यांची दुसरीच गोष्ट. संघ विकत घ्यायच्या आधी ते कॅलिफोर्नियात आपल्या लेकीच्या संघाला शिकवायचे. बारा-बारा वर्षांच्या पोरी. ना उंची, ना नेमबाजी. यांना स्वतःला हा खेळ कधी खेळून माहीत नव्हता. त्यांनी बघितलं की समोरचा संघ आपल्या अर्ध्या मैदानात निवांत चेंडू घेऊन येतो आणि कुणी अडवत नाही. यांनी पोरींना सांगितलं, चेंडू आत टाकल्यापासून अंगावर जायचं, सबंध मैदानभर. समोरच्यांना श्वास घेऊ द्यायचा नाही. त्या पोरी पार राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत गेल्या. माल्कम ग्लॅडवेल नावाच्या लेखकानं २००९मध्ये त्यावर लेख लिहिला तेव्हा जगाला कळलं. त्याच लेकीनं पुढे किंग्जच्या धाकट्या संघाचं, स्टॉकटन किंग्जचं, व्यवस्थापन सांभाळलं.”

“मंग त्या रणदिव्यांनी घ्यावं की आमच्या पोरीला.”

“त्यांचा संघ पुरुषांचा आहे, अक्का.”

“मंग कामून सांगायलाव मला इतकं?”

हे मात्र बरोबर होतं. गावगप्पांमध्ये हाच घोळ होतो: एकाचा पैसा, दुसऱ्याची उंची आणि तिसऱ्याचा व्हिसा एकत्र करून चौथ्याच्या अंगावर घालतात. २०१९च्या ऑक्टोबरात रणदिव्यांचे किंग्ज आणि इंडियाना पेसर्स मुंबईत वरळीला दोन सामने खेळून गेले. पहिला जादा वेळेत गेला आणि पेसर्सनी १३२-१३१ असा एका गुणानं जिंकला. ते टीव्हीवर पाहून आपल्याकडच्या कितीतरी पोरांना वाटलं की आता दार उघडलं. दार उघडलं होतं ते तिकिटं विकायला. आत खेळणाऱ्या दोन्ही संघांत भारतात वाढलेला एकही खेळाडू नव्हता.

“म्हंजे आपल्या हिकडचं कुणीच गेलेलं न्हाई?”

“गेलेत की. पण पंजाबचे.”

“मंग सोपं हाय. सचखंडमधी बसलं की सरळ पंजाब.”

अक्कांचं भूगोलज्ञान रेल्वेच्या वेळापत्रकावर बेतलेलं आहे आणि ते सहसा चुकत नाही. नांदेडच्या हुजूर साहिब स्टेशनहून निघणारी सचखंड एक्सप्रेस अमृतसरला जाते आणि वाटेत लुधियाना लागतं. याच लुधियान्याच्या अकॅडमीत सुब्रमण्यम नावाच्या एका तामिळ प्रशिक्षकानं शेतकऱ्यांची उंच पोरं गोळा करून त्यांच्याकडून हा खेळ घटवून घेतला. त्यातला सर्वांत गाजलेला सतनाम सिंग भामरा. बर्नाला जिल्ह्यातलं बल्लो के हे त्याचं गाव. उंची सात फूट दोन इंच. २०१०मध्ये, चौदाव्या वर्षी, त्याला फ्लोरिडातल्या आयएमजी अकॅडमीची शिष्यवृत्ती मिळाली. त्या वेळी भारतातून चार मुलगे आणि चार मुली निवडल्या होत्या. २०१५मध्ये डॅलस मॅव्हरिक्सनं त्याला एनबीएच्या निवडीत ५२व्या क्रमांकावर घेतलं. भारतात जन्मलेल्या खेळाडूला असं निवडलं जाण्याची ती पहिलीच वेळ.

“मंग त्याला करोड मिळाले.”

“नाही. एनबीएचा एकही सामना त्याला खेळायला मिळाला नाही. दोन हंगाम तो मॅव्हरिक्सच्या धाकट्या संघात, टेक्सस लेजंड्समध्ये, राहिला. त्या धाकट्या लीगमध्ये तेव्हा वरच्या पायरीवरच्या खेळाडूला अख्ख्या हंगामाचे पंचवीस हजार डॉलरच्या आसपास मिळायचे.”

अक्कांनी मनातल्या मनात डॉलरचा भाव लावला. “पंधरा-सोळा लाख. आमच्या दोन एकर केळीला चांगला भाव लागला अन् वादळ न्हाई आलं, तर…”

“तर तुम्ही एनबीएच्या दारातच उभ्या आहात, असं समजा.”

सतनामची पुढची गोष्ट मी अक्कांना सांगितली, कारण पोरांना अर्धीच सांगतात. तो कॉलेजात न जाता थेट निवडीला उतरला होता. नंतर कॅनडात थोडा खेळला. २०१९मध्ये उत्तेजक द्रव्याच्या चाचणीत सापडला आणि दोन वर्षांची बंदी आली. पुढे तो अमेरिकेत कुस्तीच्या टीव्ही-कार्यक्रमात गेला. त्याच लुधियान्याचा अमृतपाल सिंग मात्र विशीच्या उंबऱ्यावर, म्हणजे फार उशिरा, कबड्डी सोडून या खेळात आला, आधी जपानमध्ये खेळला आणि २०१७मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सिडनी किंग्जनं त्याला घेतलं. त्याची उंची सात फुटांच्या आसपास. वाराणसीचा विशेष भृगुवंशी त्याच वर्षी अॅडलेडच्या संघाशी करारबद्ध झाला. तो भारताचा कर्णधार राहिलेला.

“समदे बाप्येच सांगायलाव. पोरगी सांगा की एखादी.”

“सांगते. गीतू अॅना जोस. केरळची. तुमच्या नातीसारखीच कॉलेजातनं वर आलेली. चंगनाशेरीच्या असम्प्शन कॉलेजात शिकली, तिथं खेळली, मग दक्षिण रेल्वेत नोकरी लागली. उंची सहा फूट दोन इंच. २००६च्या सुमारास मेलबर्नच्या रिंगवूड क्लबनं तिला बोलावलं. तिथल्या राज्य पातळीच्या लीगमध्ये ती खेळली. पुढे भारताची कर्णधार झाली. २०११मध्ये तिला अमेरिकेतल्या बायकांच्या लीगचे, म्हणजे डब्ल्यूएनबीएचे, तीन संघ चाचणीला बोलावते झाले: शिकागो, लॉस एंजेलिस आणि सॅन अँटोनिओ.”

“घेतली का?”

“नाही. तिघांनीही नाही.”

“अगं माय!” अक्कांनी सुपातला एक खडा जरा जोरातच भिरकावला.

“पण अर्जुन पुरस्कार मिळाला, २०१४ला. आणि नोकरी शाबूत होती. ती रेल्वेची बाजू नीट ध्यानात घ्या, अक्का. आपल्याकडं मुलींच्या बास्केटबॉलला रेल्वेएवढा भक्कम आधार दुसऱ्या कुणी दिला नाही. राष्ट्रीय स्पर्धेत मुलींत रेल्वेला हरवणं म्हणजे बातमी असते. चांगली खेळाडू दिसली की रेल्वे तिला नोकरी देते, पगार देते, सरावाला सुट्टी देते.”

रेल्वेची नोकरी म्हटल्यावर अक्कांच्या चेहऱ्यावर जे तेज आलं ते करोडांच्या वेळी नव्हतं. “हे बेस हाय की! कामून जायचं मंग तिकडं?”

इथंच तर सगळा पेच आहे. आपल्या पुण्याची शिरीन लिमये घ्या. रेल्वेकडून खेळलेली. २०१७च्या जुलैमध्ये बंगळुरूला आशिया चषकाच्या ‘ब’ गटात भारतानं कझाकस्तानला ७५-७३ असं हरवलं आणि वरच्या गटात गेला, तेव्हा ती संघात होती. २०२१मध्ये अम्मानला आशिया चषक झाला, तेव्हा ती कर्णधार होती. पण तिथं वरच्या गटात समोर आला जपान. नुकतंच टोकियो ऑलिम्पिकचं रौप्यपदक घेऊन आलेला. जपाननं भारताला १३६-४६ असं हरवलं. पोरी कमी पडल्या, असं म्हणून त्याची वासलात लावता येत नाही. जपानच्या खेळाडू वर्षभर आपल्या देशातल्या लीगमध्ये पगारी खेळतात. आपल्या पोरी नोकरी सांभाळून वर्षातल्या मोजक्या स्पर्धा खेळतात. आपल्याकडं पुरुषांसाठी २०१५ला यूबीए नावाची लीग निघाली होती. पुणे पेशवाज, मुंबई चॅलेंजर्स अशी झोकदार नावं होती. चार हंगामांत, २०१७ला, तिचा गाशा गुंडाळला. म्हणून ज्याला खरंच वर जायचंय त्याला बाहेरचा सामना लागतो, आणि ज्याला पोट भरायचंय त्याला रेल्वेची नोकरी लागते. दोन्ही एकदम मिळणं कठीण.

“अन् तिकडच्या पोरींना तरी पैसा मिळतोय का?”

“ऐका. २०२४मध्ये अमेरिकेत केटलिन क्लार्क म्हणून पोरगी डब्ल्यूएनबीएत पहिल्या क्रमांकावर निवडली गेली. कॉलेजात असतानाच देशभर नाव झालेली. तिचा पहिल्या वर्षाचा पगार ७६,५३५ डॉलर. आपले चौसष्ट लाख धरा. त्याच वर्षी मुलांत जो पहिला आला त्याचा पगार सव्वा कोटी डॉलरच्या आसपास.”

अक्कांनी यावर काही न बोलता नुसतं माझ्याकडं बघितलं. केळीच्या बागेत बाईची हजेरी आणि बाप्याची हजेरी यांतला फरक त्यांनी आयुष्यभर पाहिलेला आहे, त्यांना आणखी समजावायची गरज नव्हती.

“म्हणून तर तिकडच्या मोठमोठ्या खेळाडू थंडीच्या दिवसांत रशिया, तुर्कस्तान, चीन असं कुठं कुठं खेळायला जायच्या. ब्रिटनी ग्रायनरचं नाव ऐकलंय? ऑलिम्पिक सुवर्णपदकवाली. रशियातल्या क्लबकडून अमेरिकेतल्या कितीतरी पट पैसा मिळायचा म्हणून वर्षानुवर्षं जायची. २०२२च्या फेब्रुवारीत मॉस्कोच्या विमानतळावर तिच्या सामानात हशीशचं तेल सापडलं. नऊ वर्षांची शिक्षा झाली. डिसेंबरात कैद्यांची अदलाबदल करून सोडवून आणली.”

“काय बाई! पोटासाठी कुठं कुठं जावं लागतंय माणसाला.”

“हो ना. एवढी मोठी, तरी पोटासाठीच.”

इतका वेळ अक्का ज्या गोष्टीसाठी सूप घेऊन आल्या होत्या ती आता बाहेर आली. त्यांनी डाळ बाजूला केली, इकडं-तिकडं बघितलं आणि आवाज खाली आणला. अर्धापुरात आवाज खाली आला की समजावं, आता पैशाचं बोलणं आहे.

“बाई, पोरीला मोबाइलवर एक मेसेज आलाय. युरोपात खेळवतो म्हणायलेत. पण आधी नोंदणीचे पैसे भरा म्हणायलेत, लाखाच्या आतबाहेर. तिचा बाप म्हणायलाय, केळीच्या पैशातनं देऊ. म्हणून मी म्हणलं, आधी तुम्हाला विचारावं.”

मी मेसेज मागवून घेतला. नातीनं तो गुपचूप आजीच्या फोनवर पाठवलेलाच होता, म्हणजे तिलाही शंका होती. क्लबचं नाव नाही, लीगचं नाव नाही, पगाराचा आकडा नाही. फक्त विमानाचं चित्र, एक क्यूआर कोड आणि ‘जागा मर्यादित’.

“अक्का, तुमची केळी इराण-इराकला जातात, तेव्हा काय होतं सांगा.”

“व्यापारी बागंत येतो. घड बघतो. डाग बघतो, फण्या मोजतो. मंग पेटी भरतो. पैसे तो देतो.”

“तुम्ही त्याला देता का? बाग बघायच्या आधीच?”

“येडे हावोत का आम्ही?”

“मग झालं. पोरीचंही तसंच आहे. खेळाडू घेणाऱ्यानं आधी खेळ बघायला हवा आणि पैसे त्याच्याकडून यायला हवेत.”

खरा रस्ता कसा असतो तो मी त्यांना सांगितला. परदेशातल्या क्लबला बाहेरच्या खेळाडूसाठी दोन-चारच जागा असतात. त्या जागा ते अशा खेळाडूला देतात जी आल्याबरोबर सामना फिरवेल. त्यांच्याच गावात तुमच्या नातीइतकी बरी खेळणारी पोरगी असली, तर विमानाचं भाडं कोण घालेल? म्हणून क्लब आधी पूर्ण सामन्यांचे व्हिडिओ मागतो. नुसत्या चांगल्या टोपल्यांचे तुकडे जोडून केलेला व्हिडिओ नाही, तर अख्खा सामना, ज्यात चुकाही दिसतील. एजंट असला तर तो फिबाचा, म्हणजे जागतिक बास्केटबॉल महासंघाचा, परवानाधारक हवा. त्याचं कमिशन करार झाल्यावर, करारातून असतं. एका देशातून दुसऱ्या देशात खेळायला जाताना फिबाचं मोकळीक-पत्र लागतं, ते मिळाल्याशिवाय सामन्यात उतरता येत नाही. करारात पगार किती, किती तारखेला, राहायचं कुठं, गुडघा गेला तर दवाखाना कोणाचा, परतीचं तिकीट कोणाचं, हे सगळं लिहिलेलं असावं लागतं. पगार बुडवणारे क्लब जगात इतके आहेत की फिबानं २००७मध्ये त्यासाठी वेगळा लवादच काढला. करारात त्या लवादाचं कलम असलं तर दाद मागता येते.

“गुडघ्याचं पण लिहायचं?” अक्कांना हे फार पटलं. “आमच्या उसतोडीच्या मुकादमानं हे कधी न्हाई लिहिलं.”

“म्हणून तर सांगते.”

“मंग अमेरिकेचं काय? तिकडं कॉलेजात फुकट शिकवत्यात म्हणं.”

हा भाग अफवांमधला सगळ्यात खरा होता, म्हणून तो जपून सांगावा लागला. अमेरिकेत कॉलेजचा खेळ हीच मोठी बाजारपेठ. तिथल्या वरच्या गटातल्या, डिव्हिजन वनच्या, मुलींच्या संघाला पूर्वापार पंधरा पूर्ण शिष्यवृत्त्या देता यायच्या. फी, राहणं, खाणं सगळं त्यात. बंगळुरूची संजना रमेश अॅरिझोनातल्या विद्यापीठात गेली. पंजाबची हरसिमरन कौर एनबीएच्या ऑस्ट्रेलियातल्या अकॅडमीतून सॅन दिएगो विद्यापीठात गेली. आपल्या नागपूरची सिया देवधर भारताच्या वयोगटातल्या संघांतून खेळली. या पोरींची नावं पंधराव्या-सोळाव्या वर्षीच शिबिरांमधून पुढं आली होती. बारावी व्हायच्या आत त्यांच्याकडं तिकडच्या प्रशिक्षकांचं लक्ष गेलं होतं.

“आमची तर बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला हाय.”

“तेच तर सांगायचंय. तिथं नियम असा की पोरगी एकदा कुठल्याही कॉलेजात, मग ते नांदेडचं का असेना, पूर्णवेळ दाखल झाली की पाच वर्षांचं घड्याळ सुरू होतं. त्या पाच वर्षांत खेळायचं ते खेळून घ्यायचं. तुमच्या नातीचं घड्याळ बी.ए.च्या पहिल्या वर्षालाच सुरू झालंय. त्यात ती पैसे घेऊन कुठं खेळली तर तिथल्या कॉलेजात खेळायचा हक्कच धोक्यात येतो. म्हणजे आधी युरोपात कमावते आणि मग अमेरिकेत शिकते, असं उलटं गृहीत धरता येत नाही. शिवाय २०२१पासून तिकडच्या खेळाडूंना जाहिरातीचे पैसे घेता येतात, पण बाहेरून शिकायला आलेल्यांच्या व्हिसात ती कमाई सहज बसत नाही.”

“म्हंजे उशीर झाला म्हणा की.”

“अमेरिकन कॉलेजसाठी जवळजवळ झालाच. खेळासाठी नाही. अमृतपालनं सुरुवातच विशीत केली होती. पण तिला आता खोटं सांगू नका. आणि रडवू पण नका.”

अक्का काही वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “तुमीच सांगा बाई, पोरीनं करावं काय?”

मी सांगितलं ते असं. एक, बी.ए. पूर्ण करायचं, कारण उद्या परदेशी क्लब असो की रेल्वे, अर्ज करताना पदवीचा रकाना कोरा नको. दोन, अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धेपर्यंत पोचायचं आणि महाराष्ट्राच्या वरिष्ठ संघाच्या निवड चाचणीला उभं राहायचं. राज्याच्या संघात जागा नाही आणि युरोपात आहे, असं होत नाही. तीन, प्रत्येक सामना अख्खा चित्रित करून ठेवायचा. चार, रेल्वेची खेळाडू भरती निघाली की अर्ज करायचा, आणि राज्य सरकारी नोकऱ्यांतल्या पाच टक्के खेळाडू आरक्षणासाठी प्रमाणपत्रं जपून ठेवायची. नोकरी लागली म्हणजे परदेश तुटला असं नाही. गीतू रेल्वेत होती आणि मेलबर्नला खेळूनही आली.

“अन् पाचवं?”

“पाचवं, तीन विरुद्ध तीन.”

हा नवा प्रकार अक्कांना माहीत नव्हता. अर्धं मैदान, एकच जाळी, तीन-तीन खेळाडू, दहा मिनिटं किंवा एकवीस गुण, जे आधी होईल ते. टोकियोला तो ऑलिम्पिकमध्ये आला. मैदान लागतं पंधरा मीटर बाय अकरा मीटर. जाळी तीच, तीन मीटर पाच सेंटीमीटरवर, म्हणजे दहा फुटांवर. फिबाकडं नोंदवलेल्या स्पर्धेत खेळलं की खेळाडूच्या नावावर गुण पडतात आणि जागतिक यादीत नाव येतं. यात उंचीपेक्षा दम जास्त लागतो, आणि दम आपल्या खो-खो खेळलेल्या पोरींकडं भरपूर असतो.

“पंधरा बाय अकरा?” अक्कांनी भिंतीपलीकडची आपली मोकळी जागा नजरेनं मोजली. “आमच्या केळी पिकवायच्या शेडएवढंच हाय की.”

“तेवढंच. आणि पोरी रोज नांदेडला जाऊन सराव करण्याऐवजी इथं संध्याकाळी खेळतील. एक नाही, दहा येतील.”

“मंग हे नगरपंचायतीत सांगू की. बसस्टँडवर तर मी आजच सांगते.”

अक्कांनी सांगितलं म्हणजे संध्याकाळपर्यंत दाभडच्या सत्यगणपतीपर्यंत पोचणार, याबद्दल मला शंका नव्हती. पण तेवढ्यावर थांबायचं नाही म्हणून मी इथंही लिहून ठेवते.

ज्यांच्या घरात उंच, चपळ पोरगी आहे त्यांनी तिला चेंडू चौदाव्या वर्षाच्या आत द्यावा, वीस वर्षांची झाल्यावर नाही. आधी पैसे मागणाऱ्या कुठल्याही परदेशी ‘संधी’ला रुपयाही देऊ नये. करारावर सही करण्याआधी तो वकिलाकडून वाचून घ्यावा, आणि पदवी कुठल्याही विमानासाठी अर्धी सोडू नये. आणि अर्धापूरकरांनो, शाळेच्या मागची मोकळी जागा लग्नाच्या मांडवासाठी वर्षातून चार दिवस लागते. उरलेले दिवस तिथं एक जाळी उभी करा.